विहिणीच्या देशी जाण्यापूर्वी

आम्ही लात्वियाला जाणार आहोत असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबे आणि मग म्हणे, "वा! युरोप!" त्या क्षणभरात तो मनातल्या मनात नकाशा उलगडून बघत असे आणि त्याला तो देश सापडत नसे. सापडला नाही हे कबूल करण्यापेक्षा सल्ला देणं सोपं असतं. त्यामुळे २०१६ सालच्या त्या हिवाळ्यात मला पुष्कळ सल्ले मिळाले.

आमच्या ऑकलंडच्या मराठी मंडळींत युरोपचे अधिकारी पुरुष म्हणजे अल्बनीला राहणारे एक गृहस्थ. त्यांनी एका बसच्या खिडकीतून बरेच देश पाहिले होते आणि त्याचे फोटो पडद्यावर दाखवून ते दर वर्षी व्याख्यान देत. व्याख्यानाला कोट घालत. मी फोन केला तेव्हा त्यांनी पाकीटमार, सुट्टी नाणी आणि स्वच्छतागृहं या तीन विषयांवर सविस्तर सांगितलं. शेवटी मी विचारलं, "पण लात्वियात बघण्यासारखं काय आहे?"

"बघण्यासारखं म्हणाल तर," ते म्हणाले, "व्हिएन्ना आहे."

व्हिएन्ना दुसऱ्या देशात आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. आम्हाला बघायला जायचंच नव्हतं. आम्ही विहिणीकडे चाललो होतो.

माझा धाकटा भाऊ अल्बनीतच राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. किवीफ्रूट तोडायच्या हंगामी कामासाठी एक लात्वियन मुलगी न्यूझीलंडला आली, ती इथेच राहिली, एका रोपवाटिकेत नोकरीला लागली आणि पुढे आमची भावजय झाली. लग्न रजिस्टर झालं. तिचे वडील पूर्वीच वारलेले, आई एकटी, खेड्यात राहणारी, मधमाश्या पाळणारी. त्या माश्यांना सोडून ती कुठे जात नसे. त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं.

माझी आई ऑकलंडच्या दुसऱ्या टोकाला, टाकानिनीला, माझ्याकडे असते. ती हायस्कुलात भूगोल शिकवायची. लात्वियाचं नाव पहिल्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली, "मी शिकवत होते तेव्हा हा देश नव्हता." सोव्हिएत संघात होता म्हणून वेगळा नव्हता, हे खरं, पण तिच्या स्वरात असं होतं की हा देश तिला न विचारता मागाहून घातला आहे. सुनेबद्दलही तिची साधारण तीच भावना होती. भांडण कधी झालं नाही. भांडायला निदान बोलावं लागतं. सून विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि मग शांत बसायची. आई तिला आग्रहाने पोळी वाढायची, ती "नको, आई" म्हणायची, आई तरीही वाढायची, ती मुकाट्याने खायची. घरी परतताना गाडीत आई म्हणायची, "शिष्ट आहे गं. पोटातलं ओठावर येत नाही."

मग सुनेला दिवस गेले. त्या ऑगस्टमध्ये चौघांनी तिच्या माहेरी जायचं ठरलं होतं, तिकिटं काढली होती. पण मध्येच तिचं रक्तदाब वाढायचं प्रकरण सुरू झालं आणि मिडवाइफने विमानप्रवासाला साफ नकार दिला.

"डॉक्टर काय म्हणतात?" आईने विचारलं.

"इथे मिडवाइफच बघते सगळं," भाऊ म्हणाला.

"सुईण?"

"आई, ती युनिव्हर्सिटीत शिकलेली असते."

"असू दे. सुईण म्हणते ते बरोबर आहे," आई म्हणाली.

आता सून जाऊ शकत नव्हती आणि भाऊ तिला सोडून जाणार नव्हता. तिकिटं रद्द करायची गोष्ट निघाली, तेव्हा आई म्हणाली की दोन तिकिटं राहू द्या. पहिलटकरीण माहेरी जाऊ शकत नाही, तिची आई इकडे येऊ शकत नाही, अशा वेळी सासरचं माणूस व्याह्यांकडे जाऊन आलं पाहिजे. ही पद्धत कुठली, असं मी विचारलं. "आत्ताची," आई म्हणाली.

खरं कारण वेगळं होतं. आई कित्येक आठवडे सुनेला विचारत होती, "काय खावंसं वाटतंय?" कैरी, चिंच, उकडीचे मोदक, सगळं पुढे करून झालं होतं. प्रत्येक वेळी उत्तर एकच: "काही नको, आई." एका रविवारी मात्र सून थोडी थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "माझ्या आईचा मध. काळ्या ब्रेडवर. पण तो येऊ शकत नाही."

आईने दुसऱ्याच दिवशी सुपरमार्केटमधून इथल्या मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांच्या मधाची महागातली बरणी आणली. सुनेने आभार मानले, बरणी कपाटात ठेवली. ती कपाटातच राहिली.

बाहेरचा मध न्यूझीलंडमध्ये आणता येत नाही. इथल्या मधमाश्यांना बाहेरचे रोग लागू नयेत म्हणून. विमानतळावर माणसं तुमचे चालण्याचे बूट तपासतात, चिखल दिसला तर धुऊन परत देतात, आणि एक बीगल जातीचा कुत्रा आपल्या पिशव्या हुंगत इतक्या सभ्यपणे फिरतो की लपवलेलं सफरचंद आपणच काढून द्यावं. मी हे सगळं आईला समजावलं.

"पोटुशी बाईपेक्षा माश्या मोठ्या?" ती म्हणाली.

"कायद्याने हो."

अल्बनीच्या गृहस्थांनी यावरही सल्ला दिला. शाम्पूच्या बाटलीत भरून आणा, कुणाला कळत नाही. मी तो आईच्या कानावर घातला. ती संतापलीच. "सुनेचे डोहाळे चोरीच्या मालाने पुरवू? त्यांना सांग, कोट घालून असलं बोलू नये."

पण मग ती नक्की काय आणायला चालली होती, हे तिलाही ठाऊक नव्हतं. "विचारून तर बघू," एवढंच म्हणायची. कुणाला विचारणार, हे मी विचारलं नाही.

मी लायब्ररीतून युरोपचं एक जाडजूड प्रवासी पुस्तक आणलं. लात्वियाच्या वाट्याला त्यातली मोजकी पानं आली होती. तिथली माणसं 'बाहेरून अबोल पण आतून प्रेमळ' आहेत, असं त्यात होतं. हे वाक्य मी इतर देशांबद्दलही वाचलं आहे. बडबडी आणि आतून दुष्ट माणसं कुठल्या देशात राहतात हे मात्र कोणी छापत नाही. पुढे प्रवाशांनी काय लक्षात ठेवावं ते दिलं होतं. मी आईला वाचून दाखवलं. घरात शिरताना चपला काढाव्यात.

"मग कुठे काढतात?" आई म्हणाली.

फुलं विषम संख्येत न्यावीत, सम संख्या मयताला. घरात शिट्टी वाजवू नये, पैसा जातो. उंबरठ्यावर उभं राहून हात मिळवू नये.

"अगं, हे लात्विया कुठलं, हे आपल्या साताऱ्याचंच आहे. पुढे काय?"

पुढे काही नव्हतं. पुढे एका चर्चचा मनोरा होता.

मला व्हिसा लागत नव्हता, कारण माझा पासपोर्ट न्यूझीलंडचा. आईला लागला, कारण तिचा भारतीय. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच तव्यावरची पोळी खाणाऱ्या दोन बायकांपैकी एकीवर युरोपचा विश्वास होता. तो दुसरीवर बसायला बरेच आठवडे लागले. आईने ते मनावर घेतलं नाही. "माझा तरी त्यांच्यावर कुठे आहे?" ती म्हणाली.

दोन विमानं बदलून रिगाला पोचलो. तिथे उन्हाळा होता आणि संध्याकाळ संपता संपत नव्हती. दुसऱ्या दिवशी बसस्थानकाजवळच्या बाजारात मी दहा फुलं मागितली. आई मागून म्हणाली, "दहा कसली? वरचं एक घे." फूलवालीने अकरावं फूल घातलं आणि एखादा अनर्थ टळल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. पुस्तक वाचलं होतं मी आणि आईने फक्त ऐकलं होतं.

विहीणबाई बसथांब्यापासून थोड्या अंतरावर एका लाकडी घरात राहत होत्या. मागे सफरचंदाची झाडं, त्यांच्याखाली रंगवलेल्या पेट्या, पेट्यांवर माश्यांची गुणगुण. त्या दारात उभ्या होत्या. उंच, सडपातळ, कमरेला ॲप्रन. मला भरून आलं आणि मी हात पुढे केला. त्याच क्षणी आईने माझं कोपर मागे ओढलं आणि विहीणबाईही एक पाऊल मागे सरल्या. दोघींनी एकाच वेळी आत जायची खूण केली. उंबरठा ओलांडून आत गेल्यावर हात मिळवले. दोघी एकमेकींकडे पाहून किंचित हसल्या. तोंडावर मला कुणी हसलं नाही, पण ते हसू माझ्यावरच होतं हे मला कळलं.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मध्ये माझा फोन होता. त्यात बोललं की तो भाषांतर करून इंग्रजीत सांगे आणि मी ते आईला मराठीत सांगे. यात वाक्याचा जीव जायचा, पण अर्थ बहुतेक पोचायचा.

जेवायला नव्या बटाट्यांवर शेपू, काकडी, आंबट साय, ताजं पनीर आणि काळा ब्रेड होता. आईला आवडलं. विहीणबाईंनी बटाट्यांचा वाडगा पुढे केला तेव्हा आईने ताटलीवर हात धरून "नो, नो, इनफ" म्हटलं. विहीणबाईंनी मान हलवली, वाडगा उचलला आणि आत नेऊन ठेवला. आई त्या वाडग्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.

खोलीत गेल्यावर तिने बॅगेतून चिवडा काढला.

"एकदाच विचारते गं ती!"

"तू नाही म्हणालीस."

"नाही म्हणाले म्हणजे काय, नाही म्हणाले? पहिल्यांदा हो कोण म्हणतं?"

ती थोडा वेळ चिवडा खात राहिली. मग तिचा हात थांबला.

"म्हणजे आपली ही नको म्हणते, तेव्हा तिला खरंच नको असतं?"

"मला तसं वाटतं."

"आणि मी तिला पोळ्यांवर पोळ्या वाढत होते." आईने बोटं झटकली. "आणि ती खात होती, बिचारी." चिवड्याच्या पिशवीला तिने रबर लावलं. "मग मध हवा म्हणाली, तेव्हा तिला तो हवाच होता. एकदाच म्हणाली. पण ती एकदाच म्हणते."

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. अल्बनीच्या पडद्यावरही नव्हतं. नाश्त्याला विहीणबाईंनी वाडगा पुढे केला, तेव्हा आई पहिल्याच विचारण्याला "येस" म्हणाली आणि दोनदा घेतलं.

चार दिवस आम्ही तिथे होतो. आईने विहीणबाईंबरोबर काकड्या तोडल्या, कपडे वाळत घातले. फोनशिवाय त्यांचं बरं चाललं होतं. मला कुणी हाक मारेना, म्हणून मी सफरचंदाखाली बसून पुस्तकातला चर्चचा मनोरा वाचला.

निघायच्या आदल्या दिवशी विहीणबाईंनी आम्हाला कोठीत नेलं. टेबलावर एक बरणी होती, झाकणावर धुतलेलं कापड सुतळीने बांधलेलं. त्यांनी ती आईच्या हातात दिली आणि मुलीचं नाव घेतलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या प्रवासात हे सांगायचं काम आपल्यावर येणार हे मला माहीत होतं आणि मी ते पुढे ढकलत आले होते. मी फोनमध्ये बोलले की न्यूझीलंड सरकार बाहेरचा मध येऊ देत नाही, आम्हाला माफ करा. फोनने ते त्यांच्या भाषेत सांगितलं, बहुधा सरकारी थाटात. विहीणबाईंनी ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं. फोन म्हणाला, "मला माहीत आहे. तिने मला सांगितलं आहे."

"मग भरली कशाला?" आईने मराठीतच विचारलं. भाषांतराची गरज पडली नाही. विहीणबाईंनी फळीकडे बोट केलं. तिथे तशाच कापड बांधलेल्या आणखी बरण्या रांगेत होत्या. मुलगी घर सोडून गेल्यापासूनची, दर उन्हाळ्याची एक.

कोठीत थंड होतं. आईने बरण्या मोजल्या. मग आई म्हणाली, "चमचा कुठाय?"

"आई, तुझी शुगर."

"गप्प बस. चमचा विचार."

विहीणबाईंना फोनची गरज लागली नाही. त्यांनी दोन चमचे आणि ब्रेड आणला. आईने यंदाची बरणी सोडली. चमचाभर मध जिभेवर ठेवून ती बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. परीक्षेचे पेपर तपासताना ती असंच करायची, मार्क देण्यापूर्वी.

"विचार, कसला आहे?"

फोनने सांगितलं: लिंडनच्या फुलांचा. रस्त्याकडेची ती मोठी झाडं.

"आधी गोड, मग पुदिन्यासारखं गार, आणि शेवटी जरासं कडू," आई म्हणाली. "आता गेल्या वर्षीचा."

एकेक बरणी उघडली. जुना मध घट्ट पांढरा झाला होता, तो खरवडून घ्यावा लागला. एका वर्षीचा गडद होता. त्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस लागला, लिंडन वाया गेला, माश्या जंगलात गेल्या. एका वर्षीचा थोडाच होता. त्या हिवाळ्यात दोन पेट्यांतल्या माश्या मेल्या. पहिल्या बरणीच्या वेळी विहीणबाईंनी उत्तर द्यायला वेळ लावला. मग फोन म्हणाला, "हा आम्ही दोघींनी काढला होता. नंतर ती गेली." आई प्रत्येकाचा घास घेई, प्रश्न विचारी, पुन्हा घास घेई. ती चव बघत नव्हती, पाठ करत होती, हे मला मधेच कधीतरी उमगलं. विहीणबाईंना ते माझ्या आधी कळलं असावं, कारण आईचं एखाद्या बरणीपाशी चुकतंय असं वाटलं की त्या पुन्हा चमचा भरून देत.

निघताना आईने बॅगेतून खण, नारळ आणि तांदूळ काढले. बाबा गेल्यापासून आई कुणाची ओटी भरत नाही. हळदीकुंकवाला मागे उभी राहते. विहीणबाईही तशाच एकट्या. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "इथे कुणाला माहितीय?" तिने आपला पदर धरून दाखवला. विहीणबाईंनी क्षणभर पाहिलं आणि ॲप्रनचं टोक दोन्ही हातांनी पुढे पसरलं.

त्यांनी आम्हाला चार काळे ब्रेड बांधून दिले.

ऑकलंडला उतरल्यावर आईने सगळं जाहीर केलं. ब्रेड, उरलेला चिवडा, आणि खेड्यातल्या मातीत फिरलेल्या चपलासुद्धा. "किया ओरा," काउंटरवरचा माणूस माओरीत नमस्कार करत म्हणाला. त्याने ब्रेड वास घेऊन पाहिला, चपला उलट्या करून पाहिल्या.

"आणि मध? मध आहे का?"

"नाही," आई इंग्रजीत म्हणाली. "आय एट इट."

तो हसला आणि ब्रेड परत दिला. आई हसली नाही. ती खरं बोलली होती.

सून बाहेर भावाबरोबर उभी होती. पोट आणखी पुढे आलं होतं, पाय सुजले होते. ब्रेडच्या पिशवीचा वास तिला दुरूनच आला असावा. पण पिशवी घेण्याआधी तिने विचारलं, "कसा होता, आई?" तिने हे मराठीत विचारलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

"घरी चल. बसून सांगते."

टाकानिनीला आल्यावर मी ब्रेड कापला, लोणी लावलं. सुनेने एक तुकडा घेतला. आईने दुसरा पुढे केला नाही, ताटली मध्ये ठेवली आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत सुरुवात केली. यंदाचा आधी गोड, मग गार, शेवटी कडू. गेल्या वर्षीचा पांढरा, दाताखाली साखरेसारखा करकरणारा. त्याच्या आधीचा गडद, कारण फुलोऱ्यात पाऊस आला. मग तो थोडासा, त्या दोन पेट्यांच्या वर्षीचा. सून हातातला तुकडा न खाता ऐकत होती.

"आणि पहिला?" तिने विचारलं.

"पहिला तुमचा दोघींचा," आई म्हणाली. "तो अजून आहे. कापड मी परत बांधलं."

सुनेने हातातला तुकडा सावकाश खाऊन संपवला. भावाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईने काहीच विचारलं नाही, आता ती विचारत नव्हती. नुसती थांबली.

मग सुनेने ताटली आपल्याकडे ओढली, दुसरा तुकडा घेतला आणि म्हणाली, "अजून सांगा. परत पहिल्यापासून."